पर्वरीतला चिकू मिल्कशेक आणि चार शेजाऱ्यांची मतं

प्रश्न : कोल्हापूरहून गोव्यात पर्वरीला येऊन आम्हाला आठ महिने झाले. घराजवळ एक जुनं हॉटेल आहे. सकाळी भाजी-पाव, दुपारी जेवण, दिवसभर ज्यूस आणि मिल्कशेक. शेजारच्या चार घरांत त्याच्याबद्दल चार मतं आहेत. एक म्हणतात भाजी-पाव म्हापसा-पणजीतही असा मिळत नाही, दुसरे म्हणतात तिथे पाय ठेवू नका. चिकू मिल्कशेकवरून तर वादच होतो. मला तो पाणचट लागला, समोरच्या काकी मात्र पाहुण्यांना मुद्दाम तिथेच नेतात. नेमकं ऐकायचं कोणाचं?

उत्तर :

आधी माझं सांगतो, म्हणजे हे कोण बोलतंय ते कळेल. म्हापशात बाजाराला लागून मी सत्तावीस वर्षं कोल्ड्रिंक हाउस चालवलं. पुढे काउंटर, मागे सहा टेबलं, सकाळी भाजी-पावही असायचा. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी सांगितलं पुरे, तेव्हा बंद केलं. तोपर्यंत लोकांची मतं गल्ल्यावर बसून ऐकली, आता गिऱ्हाईक म्हणून मीही देत फिरतो. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर वाटतं की ‘हॉटेल कसं आहे’ हा प्रश्नच कच्चा आहे. शेजाऱ्यांना विचारायचं ते असं, की तुम्ही तिथे काय खाल्लंत आणि किती वाजता? एवढं विचारलंत तर तुमच्या चार शेजाऱ्यांतले तिघे बहुधा एकमेकांशी भांडतच नाहीत असं दिसेल.

पण सुरुवात तुमच्यापासून करू, कारण तुमच्या प्रश्नातला वजनदार शब्द ‘कोल्हापूर’ हा आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, त्या गावातून तुम्ही आलात. म्हशीच्या दुधात फॅट सहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून वर. गोव्यातल्या हॉटेलात फुटणारी पिशवी बहुतेक वेळा टोन्ड दुधाची असते. टोन्ड म्हणजे फॅट 3 टक्के आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ 8.5 टक्के. फुल क्रीम असेल तर तेच आकडे 6 आणि 9. पिशवी कुर्टीच्या गोवा डेअरीची असो की घाटावरून आलेली, टोन्ड ते टोन्डच. म्हणजे हॉटेलवाल्याने एक थेंब पाणी घातलं नसतं तरी तुमच्या जिभेला तो शेक पातळच लागला असता. उलट काकींना फुल क्रीमचा ग्लास दिलात तर त्या म्हणतील तोंडाला चिकटतं, जेवण जात नाही. माझ्याकडे बेळगावचे ट्रकवाले यायचे, ते ग्लास संपवून विचारायचे, ‘दूध कुठाय ह्यात?’ आणि त्याच घाण्यातला, म्हणजे एकाच जारमधला, दुसरा ग्लास शेजारचा बँकेतला माणूस ‘आज जरा जड झालाय’ म्हणून अर्धा ठेवायचा.

आता हॉटेलवाल्याची बाजू घेतोय असं समजू नका. पाणचट शेकचं खरं कारण बहुतेक ठिकाणी बर्फ असतो. हिशेब साधा आहे. एका ग्लासाला 200 मिली दूध धरलं तर अर्ध्या लिटरच्या पिशवीत अडीच ग्लास होतात. त्याच पिशवीत चार ग्लास काढायचे तर प्रत्येकी 125 मिली दूध पडतं आणि उरलेली जागा बर्फाने भरावी लागते. जारमध्ये बर्फ फुटला की फेस छान येतो, ग्लास काठोकाठ दिसतो, पहिले दोन घोट थंडगार लागतात. पाचव्या मिनिटाला वर फेस, मध्ये पाणी, तळाला फळ. तुम्ही गप्पा मारत हळूहळू पिणाऱ्यातल्या असाल आणि काकी चार घोटांत संपवणाऱ्यातल्या, तर एकाच टेबलावर बसूनही तुम्ही दोघींनी दोन वेगवेगळे शेक प्यायलात.

जाणता माणूस बर्फ टाकत नाही. तो दुधाची पिशवीच फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवतो, ओट्यावर आपटून फोडतो आणि ते दुधाचे खडे फळाबरोबर जारमध्ये टाकतो. थंडपणा येतो, दाटपणा येतो, पाणी येत नाही. काउंटरवरून ‘धप्प’ असा पिशवी आपटल्याचा आवाज आला की मी तिथे निर्धास्त बसतो. बर्फाबद्दल गोव्यात आणखी एक भानगड आहे, आपल्याकडचा बराच बर्फ मासळीसाठी तयार होतो. लादी गोणपाटात गुंडाळून दाराबाहेर ठेवलेली आणि तीच फोडून ग्लासात जात असेल, तर चवीचा विषय नंतर, आधी पोटाचा. पारदर्शक, पोकळ, मशीनचे तुकडे असतील तर ठीक.

साखरेचंही तसंच. थंडीने जीभ बधिर होते, गोड कमी कळतं. त्यामुळे बर्फाच्या शेकमध्ये हात सैल सोडून साखर घालावी लागते. तीही दाणेदार टाकली तर थंड दुधात लवकर विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. शेवटच्या घोटाला दाताखाली कचकच लागली तर समजा की तिथे पाक करून ठेवायचा कंटाळा आहे. हा दोष लहान असला तरी बोलका आहे.

चिकूकडे येऊ, कारण भांडण त्याच्यावर आहे. चिकू हे लबाड फळ. बाहेरून पिकलेला आणि मऊ दिसतो, आतून देठाकडे कच्चा. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा असतो, दुधात तो लपत नाही, टाळूला चिकटून बसतो. फार पिकला तर दारूसारखा आंबूस वास. या दोघांमध्ये दीड-दोन दिवसांची फट असते, आणि त्या फटीत तो वापरणं हीच कारागिरी. मी पेटी आली की रोज सकाळी एकेक चिकू अंगठ्याने दाबून तीन टोपल्यांत वाटायचो. ज्याच्याकडे खप कमी, त्याच्याकडे पेटी रेंगाळते. म्हणून त्याचा सोमवारचा चिकू शेक बुधवारी भेटत नाही. एक जण छातीठोकपणे ‘उत्तम’ म्हणतो आणि दुसरा ‘तुरट’, तेव्हा दोघेही त्यांच्या त्यांच्या दिवसाबद्दल खरंच बोलत असतात.

खरा चिकू शेक रवाळ असतो. फळाचा तो कण जिभेला लागायलाच हवा, तो दोष समजू नका. साल न काढता वाटला तर मात्र वाळू चावल्यासारखं होतं. बी वाटली गेली तर मागाहून कडवट चव येते. रंग भरपूर दुधाच्या चहासारखा फिकट असतो. त्याहून गडद, कॉफीसारखा दिसला तर साल किंवा चॉकलेट पावडर. चॉकलेट घालणं गुन्हा नाही, पण मग फलकावर ‘चिकू चॉकलेट’ लिहावं. आणि अगदी गुळगुळीत, चमच्यावरून न ओघळणारा दाट शेक समोर आला तर मी खूश होत नाही. फळ-दुधाला तेवढी दाटी स्वतःहून येत नाही. कस्टर्ड पावडर, दूध पावडर किंवा आइस्क्रीम यांपैकी काहीतरी आत आहे.

आइस्क्रीमवरून आठवलं. ‘थिक शेक’ म्हणून जो विकतात त्यात आइस्क्रीमचे गोळे असतात, पण प्रत्येक गोळा आइस्क्रीमचाच असतो असं नाही. आपल्या अन्न नियमांप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट किमान 10 टक्के असावं लागतं. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असलेल्या मालावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. तो स्वस्त पडतो, वितळायला वेळ घेतो, टाळूवर मेणासारखा थर ठेवतो. डबा बहुधा काउंटरच्या काचेतून दिसतो, वाचून घ्यायला लाज कसली.

इतर फळांचं थोडक्यात. केळ्याचा शेक सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत प्रामाणिक. इथली रसबाळी मिळाली तर साखरेची गरजही कमी. पण तो लगेच प्यायचा, वीस मिनिटांत काळपट पडतो. घरी पार्सल नेऊन ‘रंग घाणेरडा होता’ म्हणणाऱ्याचं मत मी मोजत नाही. अननसाचा ताजा शेक कोणी विकत असेल तर जरा थांबा. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, शेक हळूहळू कडू होतो आणि फाटतो. शिजवलेल्या अननसात ते मरतं. म्हणून शहाणे लोक डब्यातला शिजवलेला अननस किंवा क्रश वापरतात. ‘आमचा अगदी ताजा’ म्हणून ज्याने मिरवलं, त्याचाच शेक कडू निघाला, हे मी स्वतःच्या दुकानात पहिल्या वर्षी करून बघितलं आहे.

आंब्याच्या बाबतीत गोवेकर भावनेच्या भरात बोलतो, हे लक्षात ठेवून त्याचं ऐका. मानकुरादला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधीपासूनच आमच्या लेखी त्याला तोड नव्हती. पण मानकुरादचा गर पिवळा असतो. पोर्तुगीज ‘माल कोराद’, म्हणजे रंगाने उणा, यावरूनच ते नाव आलं म्हणतात. फलकावर मानकुराद आणि ग्लासात भगवा रंग, असं असेल तर तो डब्यातला हापूस किंवा तोतापुरीचा गर आहे. ऑगस्टमध्ये ‘मानकुराद शेक’ देणाऱ्याला मी फक्त हसतो. आणि खरं सांगू, एप्रिलच्या सुरुवातीचा महागडा मानकुराद दुधात घालणं मला पाप वाटतं. तो हातात धरून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायचा.

आता अशा एका गोष्टीकडे येतो, जी गिऱ्हाइकाला कळते पण नाव देता येत नाही. ‘काहीतरी वास येतो.’ माझ्या दुकानात एक निवृत्त गुरुजी यायचे. रोज संध्याकाळी वाचनालयातून येताना अर्धा ग्लास केळ्याचा शेक. एकदा म्हणाले, दुधाला वास आहे. दूध त्या दिवशीचं होतं, मी मनात म्हटलं म्हातारपणी नाक बिघडलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ग्लास ठेवला आणि काही न बोलता पैसे देऊन गेले. बाकी दिवसभरात शंभर माणसं पिऊन जात होती, एकाचीही तक्रार नव्हती. त्या रात्री मी चिडून सगळा जार उलगडला. पात्याखालची रबराची चकती काढली, तर तिच्या खाचेत दुधाची पिवळी साय बसलेली, आंबलेली. पोरगा जार रोज धूत होता, पण चकती कोणी काढतच नव्हतं. गुरुजींचं नाक बरोबर होतं, शंभर माणसं चुकली होती. चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या दिवसापासून चकती रोज रात्री गरम पाण्यात, आणि चटणीचं भांडं व शेकचा जार वेगळा. बऱ्याच छोट्या हॉटेलांत सकाळी ज्या मिक्सरवर नारळ-मिरची वाटतात, त्याच्यावरच दुपारी शेक फिरतो. तुम्हाला कधी चिकूत लसूण लागला असेल तर तो भास नव्हता.

यावरून मी एक शिकलो. शंभर जण ‘छान’ म्हणतात त्यापेक्षा रोज तेच मागवणारा एक जण ‘आज काहीतरी वेगळं आहे’ म्हणतो, त्याला किंमत जास्त. पर्यटकाचं मत म्हणजे एका दुपारचं मत. नेहमीच्या माणसाजवळ तुलना करायला कालचा ग्लास असतो. तुमच्या काकी किती वर्षं जातात, नेहमी चिकूच घेतात का, हे विचारा. त्या पाहुण्यांबरोबर वर्षातून तीनदा जात असतील तर त्यांचं मत प्रेमाचं आहे, मापाचं नाही.

भाजी-पावाचा वाद वेळेवर मिटतो. सकाळी सात-साडेसातला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव गरम असतो, पातळ भाजी नुकती उतरलेली असते, बटाट्याची सुकी भाजी अजून वाफाळते. नऊनंतर पातळ भाजी आटायला लागते, वाटाणे आणि बटाटा रस पितात. तिथे आचारी दोन गोष्टी करू शकतो. नवीन घाणा टाकतो, नाहीतर गरम पाणी ओततो. साडेदहाच्या सुमारास गेलात आणि रश्श्यावर तवंग वेगळा, पाणी वेगळं दिसलं, की काय झालं ते कळतं. नारळाचं वाटण असलेलं तोणाक, म्हणजे रस्साभाजी, उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकवणं कठीण, म्हणून चांगली हॉटेलं अकराला भाजी संपली म्हणून सांगतात. ‘मला कधी भाजी मिळतच नाही, कसलं हॉटेल’ असं तुमचे एक शेजारी म्हणत असतील, तर मी त्याच हॉटेलात उद्या सकाळी जाईन. चारनंतर पुन्हा पाव येतो, मिरच्या तळल्या जातात, बन्स, म्हणजे केळ्याच्या गोड पुऱ्या, निघतात, तो पुन्हा वेगळा कारभार. पणजीत कॅफे तातोची भाजी की कॅफे भोसलेची, यावर माणसं वर्षानुवर्षं वाद घालतात. त्यांना एकदा विचारून बघा, दोन्हीकडे एकाच वेळेला गेला होतात का? बहुतेक एकीकडे सकाळी ऑफिसला जाताना आणि दुसरीकडे संध्याकाळी बाजार करून दमल्यावर.

जेवणाबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही ते विचारलंही नाही. एवढंच की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खाल्लेल्या फिश थाळीवरून वर्षभराचं मत बनवू नका. सोमवारी बरीच हिंदू घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात, श्रावणात तर विचारूच नका. खप नाही तिथे मासळी पडून राहते. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत आचारी गावी गेलेला असतो आणि मालकाचा भाचा कढईपाशी उभा असतो, तेव्हाची आमटी ही त्या हॉटेलची आमटी नव्हे. पावसात चोर्ला घाट बंद पडला तर बेळगावची भाजी उशिरा येते, त्या सकाळी कांदा-टोमॅटो जपून पडतो.

पावसावरून मिल्कशेकचीही एक गोष्ट राहिली. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते-येते. फ्रीझरमधलं आइस्क्रीम अर्धवट वितळतं आणि पुन्हा गोठतं, त्यात बर्फाचे स्फटिक होतात. शेक खरखरीत लागतो, चव तीच पण जिभेला टोचतो. त्या आठवड्यात मी थिक शेक विकायचोच नाही, मशीन बिघडलंय म्हणून सांगायचो. खोटं बोलायचो खरं, पण नाव टिकलं.

‘तिथे पाय ठेवू नका’ म्हणणारे शेजारी राहिले. अशा सरसकट बोलण्यामागे अनेकदा जेवण नसतंच. कधी उरलेले सुटे पैसे, कधी वेटरने पाहुण्यांसमोर केलेला अपमान, कधी मालकाशी जागेवरून वाकडं. माझ्याबद्दल एक गृहस्थ दहा वर्षं वाईट बोलत राहिले, कारण मी त्यांच्या मुलाला उधारी नाकारली होती. पण जर ते म्हणाले की ग्लास बादलीतल्या पाण्यात बुडवून काढतात किंवा दूध उघडं ठेवतात, तर ते ऐका आणि जाऊन स्वतः बघा. रागावलेला माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो तेव्हा ते बहुधा खरं असतं, त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा सोडून द्यायचा.

तुम्ही असं करा. रविवार टाळून, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. तेव्हा भाजीची धावपळ नसते आणि पोरगा नीट हात धुऊन उभा असतो. काउंटरजवळच्या टेबलावर बसा, म्हणजे जार दिसेल. चिकू मागवा, बर्फाशिवाय, साखर अर्धी. विचारा की आज चिकू पिकलेत का. ‘आज नाहीत, केळ्याचा घ्या’ असं उत्तर आलं तर तुमचं हॉटेल सापडलं, केळ्याचा घ्या. चिकूच आला आणि तरीही पातळ लागला, तर फुल क्रीम दूध आहे का ते विचारा. पोरगा मालकाकडे बघेल, मालक तुमच्याकडे. दहा रुपये जास्त सांगितले तर द्या, बर्फाच्या जागी दूध जातं तेव्हा तेवढे लागतात.